४.२ व्होल्टच्या आधीच थांबणारा चार्जर: लिथियम सेलसाठी चिप कशी निवडायची

लिथियम-आयन सेलसाठी चार्जर चिप शोधताना बहुतेकांची नजर आधी अँपिअरवर जाते. किती करंट देते, किती वेळात सेल भरते, वगैरे. तो आकडा हवाच, पण तो सोपा आहे. जवळजवळ प्रत्येक चार्जर चिपला एक पिन असते, तिच्यावर योग्य किमतीचा रेझिस्टर लावला की करंट ठरला. अडचण दुसऱ्या आकड्याची आहे. सेल किती व्होल्टला ‘भरला’ असं मानून थांबायचं, हे ठरवण्याची मुभा नेहमीच्या वापरातल्या बऱ्याच चिप देतच नाहीत. ४.२० व्होल्ट ही मर्यादा त्यांच्या आत कायमची बसवलेली असते.

ज्यांना ४.२० च चालतं, त्यांना काही शोधायची गरज नाही. पण तुमचं उपकरण वर्षानुवर्षं प्लगला लागलेलं राहणार असेल, वीज गेल्यावर तेवढ्यापुरती बॅटरी लागणार असेल, किंवा सेल बदलायला कुणी पोचणारच नाही अशा जागी सेन्सर बसवायचा असेल, तर ४.१० किंवा ४.०० वर थांबणारा चार्जर हवा. तोही स्वतंत्र हवा, म्हणजे त्याला सतत सूचना देणारा मायक्रोकंट्रोलर नसला तरी त्याने आपलं काम चोख करावं. असा चार्जर निवडताना काय पाहायचं, ते इथे सांगतो.

थांबायचं ते का?

सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्याचा धन इलेक्ट्रोड रासायनिकदृष्ट्या अतिशय आक्रमक अवस्थेत असतो. त्याच्या पृष्ठभागाशी इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होत राहतं. व्होल्टेज जितकं वर, तितका हा वेग जास्त, आणि उष्णता त्यात भर घालते. सेल वापरात नसला, नुसता भरून ठेवलेला असला, तरी ही झीज चालूच राहते. म्हणूनच कायम प्लगवर असलेल्या उपकरणातला सेल फारसा न वापरताही दोन-तीन वर्षांत फुगतो किंवा निकामी होतो.

ठोकळ हिशेब असा धरतात: वरची मर्यादा ०.१ व्होल्टने खाली आणली की साधारण दहा-बारा टक्के क्षमता सोडावी लागते आणि सेलची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं दुपटीच्या आसपास जातात. ४.०० वर आणलं तर वीस-पंचवीस टक्के क्षमता जाते. हे आकडे सेलच्या रसायनाप्रमाणे बदलतात, त्यामुळे ते दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावेत. दिशा मात्र पक्की आहे. बॅकअपच्या कामासाठी मी ४.१० ला प्राधान्य देतो. क्षमतेचं नुकसान थोडं आणि आयुष्याचा फायदा मोठा, असा तो बिंदू आहे. ४.०० वर जायचं तर जागा गरम असावी किंवा उपकरण खरोखरच दहा वर्षं टिकवायचं असावं. रोज रात्री चार्ज करून दिवसभर वापरायच्या, एकेका मिनिटाला महत्त्व असलेल्या उपकरणात हा सगळा खटाटोप बहुतेक वेळा करू नये.

मुळात चार्जर करतो काय?

सेल फारच रिकामा असेल, साधारण ३ व्होल्टच्या खाली, तर चार्जर सुरुवातीला ठरलेल्या करंटच्या दहाव्या हिश्श्याएवढाच करंट देतो. सेल त्या पातळीच्या वर आला की पूर्ण करंट सुरू होतो आणि व्होल्टेज चढत जातं. ठरलेल्या मर्यादेला पोचल्यावर चार्जर व्होल्टेज तिथेच रोखून धरतो. आता करंट आपोआप कमी होऊ लागतो. तो मूळ करंटच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आला की चार्जर बंद होतो. नंतर सेलचं व्होल्टेज थोडं घसरलं की पुन्हा सुरू होतो.

आपल्याला यातली एकच पायरी हलवायची आहे: व्होल्टेज रोखून धरण्याची जागा. पण बाकीच्या पायऱ्या तिच्याशी जोडलेल्या असतात, आणि चुकीची चिप किंवा चुकीचा जुगाड निवडला की त्या विस्कटतात.

अगदी सर्रास दिसणारी चिप म्हणजे टीपी४०५६. तिच्या करंटच्या पिनवर १.२ किलोओहम लावले तर १ अँपिअर, १० किलोओहम लावले तर साधारण १३० मिलिअँपिअर. व्होल्टेज मात्र ४.२०, आणि त्यात दीड टक्क्याचा फरक मान्य. म्हणजे तुमच्या हातातली चिप ४.१४ वरही थांबू शकते आणि ४.२६ वरही. मायक्रोचिपची एमसीपी७३८३१ पाऊण टक्क्यात बसते, म्हणजे ४.१७ ते ४.२३. ती ४.२०, ४.३५, ४.४० आणि ४.५० अशा चार मर्यादांमध्ये मिळते. पण निवड कारखान्यात झालेली असते, तुम्ही फक्त ऑर्डर करताना योग्य क्रमांक लिहायचा. नावातल्या आडव्या रेघेनंतरचा २ म्हणजे ४.२०, ३ म्हणजे ४.३५. इथे एक अंक चुकला तर ४.२० चा सेल ४.३५ पर्यंत रेटला जाईल, आणि दिसायला दोन्ही चिप सारख्याच. ४.२० च्या खालचा पर्याय तिच्यात नाही.

यावरून एक वाट सुचते, आणि ती फार थोड्या जणांच्या लक्षात येते. चिप बदलण्याऐवजी सेल बदला. ४.३५ किंवा ४.४० व्होल्टपर्यंत चार्ज करता येणारे लिथियम-पॉलिमर सेल सहज मिळतात. त्यांना साध्या ४.२० च्या चिपने चार्ज केलं, की वर ०.१५ ते ०.२० व्होल्टची मोकळीक आपोआप मिळते. सेलवर छापलेली क्षमता पूर्ण मिळणार नाही, म्हणून थोडा मोठा सेल घ्यावा लागेल. पण चार्जर नेहमीचाच राहतो, सुटे भाग वाढत नाहीत आणि सोल्डर करताना चुकायला काही उरत नाही. बोर्डवर मोठ्या सेलला जागा असेल तर मी हाच मार्ग आधी तपासून पाहतो.

मर्यादा बदलू देणाऱ्या चिप

ज्यांना चिपमध्येच सोय हवी, त्यांच्यासाठी दोन प्रकार आहेत. पहिल्यात पिनवरून ठरावीक पायऱ्यांमधली एक निवडायची. दुसऱ्यात दोन रेझिस्टर लावून हवं ते व्होल्टेज मिळवायचं.

पहिला प्रकार जुना आहे. लिथियम-आयनच्या सुरुवातीच्या काळात काही सेल ४.१० चे आणि काही ४.२० चे असत, म्हणून तेव्हाच्या चार्जरमध्ये दोन्हींची सोय असे. मॅक्सिमच्या मॅक्स१८११ मध्ये एक पिन ४.१० की ४.२० ते ठरवते आणि दुसरी १०० की ५०० मिलिअँपिअर ते. पुढे ४.२० सगळीकडे रुळलं आणि ही सोय बऱ्याच चिपमधून नाहीशी झाली. आता सेलच्या आयुष्याकडे लक्ष जाऊ लागल्यावर ती परत येते आहे. नॉर्डिकच्या एनपीएम११०० मध्ये एका पिनवरून ४.१० किंवा ४.२० निवडता येतं. ४०० मिलिअँपिअरपर्यंतच्या छोट्या, अंगावर घालायच्या उपकरणांसाठी ती बनली आहे.

या प्रकारात मला सर्वांत उपयोगी वाटते ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२५१७०. एक सेल, १० ते ८०० मिलिअँपिअर. एका पिनवरच्या रेझिस्टरने करंट ठरतो आणि दुसऱ्या पिनवरच्या रेझिस्टरने व्होल्टेज. लिथियम-आयनसाठी ४.०५, ४.१५, ४.२०, ४.३५ आणि ४.४० या पायऱ्या आहेत, लिथियम-आयर्न-फॉस्फेटसाठी ३.५०, ३.६० आणि ३.७० या. यातली खुबी अशी की व्होल्टेजच्या पिनवरचा रेझिस्टर प्रत्यक्ष व्होल्टेज मोजत नाही, तो चिपला फक्त कोणती पायरी घ्यायची ते सांगतो. अचूकता चिपच्या आतल्या संदर्भ-व्होल्टेजची असते, तुमच्या रेझिस्टरची नाही. रेझिस्टर एक टक्क्याने इकडेतिकडे असला तरी ४.०५ ची पायरी हलत नाही. नेमकं ४.१० हवं असेल तर मिळणार नाही, हा तोटा. पण ४.०५ आणि ४.१५ यांच्यात कुणाचं फार अडत असेल असं मला वाटत नाही.

छोट्या सौर पॅनेलवर किंवा तशाच क्षीण स्रोतावर चालणाऱ्या उपकरणासाठी एलटीसी४०७० हा वेगळ्याच जातीचा प्राणी आहे. ती करंट आत ढकलत नाही. बॅटरीला समांतर बसते, आणि व्होल्टेज मर्यादेला पोचलं की जादाचा करंट स्वतःतून वळवते. एका पिनच्या जोडणीवरून ४.०, ४.१ किंवा ४.२ ठरतं. तिचा स्वतःचा खर्च अर्ध्या मायक्रोअँपिअरच्याही आत आहे, आणि थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) जोडला तर तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर ती मर्यादा आपणहून खाली आणते. एकट्याने ५० मिलिअँपिअरपर्यंतच ती वळवू शकते, हे ध्यानात ठेवावं. बॅटरी अगदी रिकामी होण्याआधी तोडण्याची सोय हवी असेल तर तिची बहीण एलटीसी४०७१ पाहावी.

दोन रेझिस्टरचा हिशेब

दुसऱ्या प्रकारात चिपला एक ‘फीडबॅक’ पिन असते. बॅटरीचं व्होल्टेज दोन रेझिस्टरांमध्ये विभागून या पिनला द्यायचं. पिनवर ठरावीक व्होल्टेज आलं की चिप समजते, मर्यादा गाठली. बीक्यू२४६१० आणि सौर पॅनेलसाठीची बीक्यू२४६५० यांत हे व्होल्टेज २.१ आहे, एलटी३६५२ मध्ये ३.३.

बीक्यू२४६१० वर ४.१० व्होल्ट काढून पाहू. सूत्र साधं आहे: २.१ ला (१ + वरचा रेझिस्टर ÷ खालचा रेझिस्टर) ने गुणायचं. खालचा १०० किलोओहम घेतला तर वरचा ९५.२ हवा. प्रमाणित किमतींमध्ये ९५.३ मिळतो, त्याने ४.१०१ व्होल्ट येतात. कागदावर सुरेख.

आता हेच रेझिस्टर एक टक्क्याचे असतील तर? वरचा एक टक्का जास्त आणि खालचा एक टक्का कमी निघाला, तर मर्यादा सुमारे ४० मिलिव्होल्टने वर सरकते. चिपच्या स्वतःच्या संदर्भ-व्होल्टेजमधला अर्धा टक्का म्हणजे आणखी २० मिलिव्होल्ट. दोन्ही एकाच दिशेला गेले तर ४.१० च्या जागी ४.१६ वर चार्जर थांबेल. ज्या ०.१ व्होल्टसाठी एवढी धडपड केली, त्यातला निम्म्याहून जास्त भाग रेझिस्टरांनीच खाल्ला. तेच दोन रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घेतले की त्यांचा वाटा चार मिलिव्होल्टवर येतो. या एका जागी चांगले रेझिस्टर वापरायला हवेत, मग उरलेल्या बोर्डवर कोणतेही असोत.

याच विभाजकाची, म्हणजे या दोन रेझिस्टरांच्या जोडीची, आणखी एक गोष्ट डेटाशीटच्या (चिपच्या माहितीपत्रकाच्या) पहिल्या पानावर सापडत नाही. ते दोन रेझिस्टर बॅटरीला कायमचे जोडलेले असतात. ४.१ व्होल्ट भागिले १९५ किलोओहम म्हणजे २१ मायक्रोअँपिअर. ऐकायला नगण्य, पण वर्षभराचा हिशेब केला तर १८० मिलिअँपिअर-तासांहून जास्त. ५०० च्या सेलमधला तिसरा हिस्सा, आणि तोही चार्जर बंद असताना. रेझिस्टर मोठे घेऊन हे कमी करता येतं, पण फार मोठे घेतले तर फीडबॅक पिनचा स्वतःचा अगदी सूक्ष्म करंट मापात चूक घालू लागतो, आणि ओलाव्याने, सोल्डर करताना लावलेल्या फ्लक्सच्या डागाने बोर्डवर होणारी गळतीही जाणवू लागते. यावर स्वच्छ उपाय असलेल्या चिप आहेत. एलटीसी४०७९ मध्ये विभाजकाचं खालचं टोक सरळ ग्राउंडला न जोडता एका वेगळ्या पिनला जोडायचं असतं. इनपुट नसेल तेव्हा चिप ती वाट तोडते आणि गळती थांबते. ही चिप ६० व्होल्टपर्यंतचं इनपुट घेते, १० ते २५० मिलिअँपिअर देते, आणि मर्यादा १.२ पासून ६० व्होल्टपर्यंत कुठेही ठेवू देते. करंट थोडा चालत असेल आणि मर्यादा मनासारखी हवी असेल, तर माझी पहिली पसंती हीच.

रेझिस्टरने व्होल्टेज बदलता येतं असं लिहिलेल्या काही चिपमध्ये एक फसगत आहे. त्यांच्या आत ४.२० चा विभाजक आधीच असतो, आणि तुम्ही बॅटरी व मापक पिन यांच्यामध्ये बाहेरून एक रेझिस्टर घालायचा असतो. तो आतल्या वरच्या रेझिस्टरमध्ये मिळवला जातो, म्हणजे मर्यादा वरच जाते. खाली आणण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. ‘बदलता येते’ हे वाचून थांबू नका, कोणत्या दिशेने ते सूत्रात बघा.

इनपुट काय आहे, यावर अर्धी निवड होते

चार्जर दोन जातींचे. रेषीय म्हणजे लिनिअर चार्जर जादाचं व्होल्टेज उष्णता करून फेकतो. स्विचिंग चार्जर कॉइल वापरून ते रूपांतरित करतो.

५ व्होल्टवरून ५०० मिलिअँपिअर, सेल ३.७ वर, तर रेषीय चिपमध्ये १.३ गुणिले ०.५, म्हणजे ०.६५ वॅट. चिपच्या पोटाखाली तांब्याचा पट्टा चांगला असेल तर निभावतं. सेल रिकामा, ३.२ वर असेल तेव्हा तेच ०.९ वॅट होतं. पाच पायांच्या चिमुकल्या चिपला हे जड जातं, मग ती तापून स्वतःच करंट कमी करते. बिघाड नाही हा, ती बचावासाठी ठेवलेली सोय आहे. पण आपण ठरवलेला वेळ चुकतो, आणि शेजारीच बसलेला सेल तापतो, जे आपल्याला मुळीच नको आहे. मर्यादा ०.१ ने खाली आणायची आणि सेलला मात्र तापत्या चिपला चिकटवून ठेवायचं, यात मिळवलेलं सगळं जातं.

इनपुट १२ व्होल्ट असेल तर रेषीय चिपमध्ये त्याच ५०० मिलिअँपिअरला चार वॅटहून जास्त जळतील. तिथे स्विचिंगच हवा. बीक्यू२४६१० ही बाहेरचे मॉसफेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) लावून मोठे करंट देते. एलटी३६५२ दोन अँपिअरपर्यंत स्वतःच देते, ३२ व्होल्टपर्यंत इनपुट घेते आणि सौर पॅनेल दमलं की करंट कमी करून त्याचं व्होल्टेज सांभाळते. पण तिच्यात एक अट आहे: सुरू होण्यासाठी इनपुट बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा ३.३ व्होल्टने वर लागतं. ४.१० च्या सेलसाठी साडेसातच्या आसपास. यूएसबीच्या ५ व्होल्टवर ती चालवायला गेलात तर पदरी निराशाच येईल. कमीत कमी इनपुटचा आकडा वाचताना तो चालू राहण्यासाठीचा आहे की सुरू होण्यासाठीचा, हे बघायची सवय लावून घ्यावी.

जुगाड, आणि ते का नकोत

सर्वांत प्रचलित जुगाड म्हणजे ४.२० च्या चार्जरनंतर सेलच्या वाटेत एक डायोड. डायोड ०.३ व्होल्ट खाईल, सेल ३.९ वर थांबेल, असा तर्क. पण डायोडवर पडणारं व्होल्टेज करंटप्रमाणे बदलतं. चार्जिंगच्या शेवटी करंट घसरतो, तसं डायोडवरचं व्होल्टेजही घसरतं आणि सेल वर सरकत जातो. तापमान वाढलं की ते आणखी कमी होतं. म्हणजे नेमक्या ज्या क्षणी अचूकता हवी, त्याच क्षणी मर्यादा ढिली पडते. शिवाय चार्जर आता सेलचं खरं व्होल्टेज पाहतच नाही, त्यामुळे सेल कधी फार रिकामा आहे आणि पुन्हा चार्ज कधी सुरू करायचा, हे दोन्ही निर्णय चुकतात.

दुसरा जुगाड हुशार वाटतो, म्हणून जास्त धोकादायक. जपानच्या जेईआयटीए या संस्थेने २००७ मध्ये लॅपटॉपच्या बॅटऱ्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानंतर अनेक चिप सेल गरम झाला की मर्यादा ४.०५ ते ४.१० च्या आसपास उतरवतात. मग थर्मिस्टरच्या जागी एक ठरावीक रेझिस्टर लावून चिपला कायम ‘सेल गरम आहे’ असं भासवलं, तर मर्यादा कायम खाली! मर्यादा खरंच खाली येते. पण आता सेल खरोखर ६० अंशांवर गेला, किंवा शून्याच्या खाली गेला, तरी चिपला पत्ता लागणार नाही. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात ऋण इलेक्ट्रोडवर साचतं आणि सेल आतून शॉर्ट होण्याचा धोका तयार होतो. आयुष्य वाढवण्यासाठी सुरक्षा विकायचा हा व्यवहार आहे. करू नये.

तिसरा प्रकार जुगाड नाही, गैरसमज आहे. मोबाइलसारख्या उपकरणांसाठीच्या अनेक चिपमध्ये मर्यादा १६ मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी बदलता येते, पण आयटूसी वायरवरून, म्हणजे मायक्रोकंट्रोलरने सांगितल्यावर. उदाहरणार्थ बीक्यू२५८९५. वीज आली की ती ४.२०८ व्होल्टवर सुरू होते. तुम्ही ४.१० लिहिलंत, आणि पुढे ४० सेकंदांत मायक्रोकंट्रोलरने तिची विचारपूस केली नाही, तर तिचा वॉचडॉग, म्हणजे आतला राखणदार टायमर, सगळी मूल्यं पहिल्यासारखी करतो. प्रोग्रॅम अडकला, की मर्यादा गुपचूप ४.२०८. वॉचडॉग बंद करता येतो, पण तरीही बॅटरी संपून मायक्रोकंट्रोलर झोपलेला असताना पहिलं चार्जिंग मूळ मर्यादेनेच होणार. चिपच्या माहितीत ‘होस्टशिवाय’, म्हणजे मायक्रोकंट्रोलरशिवाय, ‘चालते’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. ती चालते, फक्त तुमच्या मर्यादेवर चालत नाही.

मायक्रोकंट्रोलर आधीच आहे आणि टीपी४०५६ ची चालू-बंद पिन तो सांभाळू शकतो, असं असेल तर ४.१० ला बंद करणं शक्य आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की १ अँपिअर जात असताना सेलच्या आतल्या रोधामुळे, तो ८० मिलिओहम धरला तर, टोकांवर ०.०८ व्होल्ट जादा दिसतात. ४.१० ला तोडलंत तर सेल प्रत्यक्षात ४.०२ च्या आसपास असतो. करंट कमी ठेवला तर हा फरक कमी होतो.

चार्जिंग संपतच नाही, तेव्हा

बरीच उपकरणं चार्ज होत असतानाच चालूही असतात, आणि त्यांचा भार थेट बॅटरीच्या टोकांना जोडलेला असतो. चार्जर करंट दहाव्या हिश्श्यावर येण्याची वाट पाहतो. समजा मूळ करंट ३०० मिलिअँपिअर, म्हणजे ३० वर थांबायचं. उपकरणच ४० घेत असेल तर तो आकडा कधीच येणार नाही. चार्जर सेलला मर्यादेवर धरून ठेवेल, दिवसच्या दिवस. वेळमर्यादा असलेली चिप असेल तर ती बिघाड समजून बंद पडेल. कायम प्लगवर असणाऱ्या उपकरणात तर हे घडणारच, आणि अशाच उपकरणासाठी आपण मर्यादा खाली आणत असतो. म्हणून भाराची वाट वेगळी असलेली चिप घ्यावी, म्हणजे प्लग असताना उपकरण थेट इनपुटवर चालतं आणि बॅटरी बाजूला राहते. निवडलेल्या चिपमध्ये ती सोय नसेल तर एक पी-चॅनेल मॉसफेट, एक शॉटकी डायोड आणि एक रेझिस्टर यांनी ती बाहेर करता येते.

पुन्हा चार्ज सुरू होण्याची पातळीही बघून घ्यावी. एलटी३६५२ मध्ये ती मर्यादेच्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर असते, म्हणजे मर्यादा खाली आणली की तीही खाली येते. टीपी४०५६ सारख्या, मर्यादा कायमची बसवलेल्या चिपमध्ये ती ४.०५ वर असते.

एखादा रेझिस्टर निसटला तर?

चिप निवडताना हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारतो, पण त्याच्या उत्तरावर निवड फिरवतो. विभाजकाचा खालचा रेझिस्टर सुटला तर फीडबॅक पिनला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसतं, चिपला वाटतं मर्यादा ओलांडली, ती थांबते. हे ठीक. वरचा सुटला तर पिनला शून्य दिसतं. चिपला वाटतं सेल अगदी मेलेला आहे, आणि भरलेल्या सेलमध्येही ती सुरुवातीचा छोटा करंट ढकलत राहू शकते. पायऱ्यांवरून निवड करणाऱ्या चिपमध्ये हा धोका कमी असतो, कारण मोजमाप आतच होतं. तरी ती पिन मोकळी राहिली किंवा शॉर्ट झाली तर काय होईल, ते डेटाशीटमध्ये शोधून वाचलंच पाहिजे.

म्हणून सेलवर वेगळं संरक्षण सर्किट हवंच. डीडब्ल्यू०१ सारखी चिप साधारण ४.२५ ते ४.३० व्होल्टला सेल तोडते. ती चार्जरचं काम करत नाही, आणि तिच्या भरवशावर मर्यादा सोडायचीही नाही. चार्जर चुकला तर मधे पडण्यापुरती ती आहे. दोन सेल एकापुढे एक असतील तर अशा संरक्षणाची गरज आणखी वाढते. चार्जर फक्त बेरीज पाहतो. ८.२० मध्ये एक सेल ४.०० आणि दुसरा ४.२० असा वाटा झाला तरी त्याला सगळं आलबेल दिसतं, म्हणून दोन सेलच्या जोडीत समतोल राखणारं सर्किट आधी आणि मर्यादेचा विचार नंतर.

बोर्ड तयार झाल्यावर मल्टिमीटरचे टोक चार्जरच्या पिनवर न लावता थेट सेलच्या पत्र्यांवर लावून, चार्जिंग संपत आलेलं असताना मोजा. करंट थोडा असताना वायर आणि जोडण्यांमध्ये व्होल्टेज हरवत नाही, त्यामुळे वाचन खरं येतं. साध्या मल्टिमीटरची अचूकता अर्धा टक्का असते, म्हणजे त्याच्यावर दिसणारे ४.१० हे ४.०८ ते ४.१२ यांतलं काहीही असू शकतं. चार-पाच बोर्ड एकाच मीटरने मोजले आणि त्यांच्यातला फरक विभाजकाच्या हिशेबातून आलेल्या आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर चिपकडे वळण्याआधी ते दोन रेझिस्टर सुटे काढून मोजावेत, आणि त्यांच्या भोवतालचा फ्लक्स अल्कोहोलने धुऊन पुन्हा एकदा वाचन घ्यावं.